समुद्र चढतोय म्हणजे खारफुटीची मजा आहे का? तर नाही, आणि का नाही ते बघा

दरवर्षी जून उजाडला की पेपरात यादी येते, यंदा पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरत्या किती आणि कुठल्या तारखांना. मग ती यादी सगळ्या ग्रुपवर फिरते, कुणीतरी त्याखाली खारफुटीचा फोटो टाकून "हिला वाचवा" असं लिहितं आणि मग हमखास एक जण विचारतो, अरे पण समुद्र वाढला तर खारफुटीला चांगलंच ना, ते झाडच खाऱ्या पाण्यातलं आहे!

प्रश्न येडपटपणाचा अजिबात नाहीये, मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं. तलावात पाणी वाढलं तर माशाला काय त्रास, तसंच काहीतरी. पण खारफुटी मासा नाही. ती बुडी मारणाऱ्या माणसासारखी आहे, आणि हा फरक एकदा डोक्यात बसला की वादळ, वाढता समुद्र, बांध, रस्ते सगळं आपोआप जुळत जातं.

ती समुद्रात नाही, समुद्राच्या येण्याजाण्यात राहते

खारफुटी हे एका झाडाचं नाव नाही. तिवर, कांदळ, चिपी, ती काटेरी मारांडी, अशी वेगवेगळ्या घराण्यातली झाडंझुडपं आहेत ज्यांनी चिखल आणि मीठ दोन्ही पचवायची युक्ती शोधून काढली, त्या सगळ्यांना मिळून आपण खारफुटी म्हणतो आणि त्यांच्या जंगलाला कांदळवन. (यातल्या पांढऱ्या चिपीला 2020 मध्ये महाराष्ट्राने राज्याचा कांदळवृक्ष म्हणून जाहीर केलंय, म्हणजे आंबा राज्यवृक्ष आणि ही त्याची खाडीतली बहीण.)

आता ही झाडं नेमकी कुठे उगवतात ते बघा. समुद्राची जी सरासरी पातळी असते तिथपासून ते मोठ्या भरतीचं पाणी पोचतं तिथपर्यंत जो पट्टा असतो ना, साधारण तेवढ्यातच. त्याच्या खाली नाही, वर फारसं नाही. म्हणजे भरतीला बुडायचं, ओहोटीला उघडं पडायचं, रोज दोन वेळा. आणि हे उघडं पडणं चैन नाही, गरज आहे, कारण खाडीच्या चिखलात हवाच नसते. ओहोटीला खाडीत उतरलात तर सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्याचाच. म्हणून तिवर आपली मुळं पेन्सिली रोवल्यासारखी चिखलातून वर काढतं, त्यांना श्वसनमुळं म्हणतात. ओहोटीला त्यांच्यातून हवा आत जाते आणि भरतीला झाड तेवढ्या साठ्यावर दम धरून बसतं.

तर प्रश्न मिठाचा नाहीच, प्रश्न दम किती वेळ धरायचा हा आहे. पट्टीचा पोहणारा दोन मिनिटं बुडी मारून वर येईल, पण वीस मिनिटं वर येऊच दिलं नाही तर त्याला पोहता येतं म्हणून तो वाचत नाही.

आणि उलटंही खरं आहे बरं का. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला कार्पेंटेरियाचं आखात आहे, तिथे 2015 च्या शेवटी जवळपास 1000 किलोमीटर किनाऱ्यावर मिळून 7,400 हेक्टर खारफुटी वाळून गेली. मुख्य कारण वादळ नव्हतं. एल निन्योमुळे (प्रशांत महासागराचं पाणी काही वर्षांनी जास्त तापतं तो प्रकार) तिथला समुद्र तात्पुरता वीसेक सेंटीमीटर खाली गेला, त्यात दुष्काळ आणि उकाडा, भरतीचं पाणी पोचेना आणि झाडं तहानेने मेली. वीस सेंटीमीटर म्हणजे एक वीत हो! एवढ्या बारीक हिशोबावर हे जंगल उभं असतं.

मग गेली हजारो वर्षं ती टिकली कशी?

इथे मला आजीच्या घराचं अंगण आठवतं. दर चार दिवसांनी शेणाने सारवायचं, एका सारवणाने काय वाढतं, काहीच नाही. पण वर्षानुवर्षं सारवून सारवून ते अंगण असं चढलं होतं की जोत्याची खालची पायरी जवळजवळ गायबच झाली होती.

खारफुटी नेमकं हेच करते. भरतीचं गढूळ पाणी आत शिरतं, मुळांच्या जंजाळात त्याचा वेग मरतो, गाळ खाली बसतो. खालून मुळं वाढून चिखल फुगवतात, वरून पानं पडून कुजतात. दरवर्षी काही मिलिमीटर. म्हणजे समुद्र चढला तर ही स्वतःची जमीनही सोबत चढवते, जगात स्वतःच्या पायाखालची पायरी स्वतः बांधणारी झाडं फार नाहीत.

आता सगळा खेळ रेटचा. 2020 मध्ये सायन्स या विज्ञान साप्ताहिकात एक अभ्यास आला होता, जगभरातल्या 78 ठिकाणच्या जुन्या गाळाच्या नोंदी घेऊन गेल्या 10,000 वर्षांत खारफुटी कधी टिकली कधी नाही ते पाहिलं. निष्कर्ष असा की समुद्र वर्षाला साधारण 6 मिलिमीटरच्या पुढच्या वेगाने चढायला लागला की खारफुटीला बहुतेक जमत नाही. सध्या आपण कुठे आहोत? उत्तर हिंदी महासागरात 1993 ते 2017 या काळात पातळी वर्षाला सरासरी 3.3 मिलिमीटरने वाढली, आणि हा वेग त्याच्या आधीच्या शंभर-सव्वाशे वर्षांपेक्षा बराच जास्त आहे. म्हणजे लिमिट ओलांडलेली नाही पण आपण निम्म्याच्या पुढे आलोय, आणि हवा तापवणाऱ्या वायूंचं प्रदूषण असंच चालू राहिलं तर येत्या काही दशकांत ती रेघ ओलांडली जाईल असं तोच अभ्यास सांगतो.

शिवाय 6 ही काही सगळीकडे सारखी लागणारी रेघ नाही. जिथे नदी भरपूर गाळ आणते आणि भरती-ओहोटीत फरक मोठा असतो तिथे खारफुटीला जास्त मोकळीक मिळते. या बाबतीत मुंबई-ठाणे-रायगड नशीबवान, कारण आपल्याकडे उधाणाला पाणी मीटरच्या मीटर वरखाली होतं आणि सह्याद्रीवरून माती येते. जिथे भरतीच हातभर आणि नदीच नाही अशा बेटांवरची खारफुटी आधी अडचणीत येणार.

वादळ आलं की काय काय होतं

वादळाने झाडं पडतात एवढं आपल्याला दिसतं, पण तो त्यातला लहान भाग आहे. वारा पानं ओरबाडतो, फांद्या मोडतो. इथे गंमत अशी की तिवर खोडावर नवीन धुमारे फोडून पुन्हा उभं राहू शकतं, कांदळाला ते फारसं जमत नाही, त्याचा शेंडा आणि फांद्या गेल्या की बहुतेक झाड गेलंच. म्हणजे वादळ गेल्यावर जंगल परत हिरवं दिसलं तरी ते तेच जंगल असेल असं नाही.

मग गाळ. वादळ समुद्राच्या तळाचा चिखल उचलून आत आणून टाकतं आणि हा थर बेताचा असेल तर ते खतच! फ्लोरिडात सप्टेंबर 2017 मध्ये इर्मा नावाचं मोठं वादळ आलं, त्याने तिथल्या खारफुटीत फॉस्फरस असलेला गाळ पसरवला आणि झाडांना सावरायला त्याची मदतच झाली. पण थर जाड झाला, किंवा चिखलाऐवजी वाळू आली, तर त्या पेन्सिली गाडल्या जातात आणि श्वास बंद. आपल्याकडे तर वाळूच्या जोडीला प्लास्टिक, तौक्ते वादळाच्या वेळी समुद्राने मुंबईचा कचरा मुंबईलाच साभार परत केला होता ते आठवत असेल, तो किनाऱ्यावर दिसला म्हणून फोटो निघाले, मुळांमध्ये अडकला त्याचे कोण काढणार.

पण खरा मारेकरी वेगळाच आहे आणि तो शांत असतो. साचलेलं पाणी. त्याच इर्मानंतर फ्लोरिडात 10,000 हेक्टरपेक्षा जास्त खारफुटी सावरलीच नाही, आणि शास्त्रज्ञांनी बघितलं तर ही झाडं बऱ्याच ठिकाणी सखल भागात होती जिथे वादळाचं पाणी शिरलं आणि बाहेर पडायला वाटच नव्हती. वारा एका दिवसात गेला, पाणी आठवडेच्या आठवडे बसून राहिलं. पुन्हा तेच, दम कोंडला.

आणि झाडं मेल्यावर गोष्ट संपत नाही. 1998 च्या मिच वादळाने होंडुरासच्या ग्वानाहा बेटावरची खारफुटी मेली, त्यानंतर खालची मुळं कुजायला लागली आणि मुळांनीच फुगवून धरलेली ती जमीन वर्षाला सुमारे 1 सेंटीमीटरने खाली बसायला लागली. म्हणजे अंगण सारवणारी गेली आणि वर अंगणच खचतंय. समुद्र वर येतोय, जमीन खाली जातेय, अशा जागी नवीन रोप रुजणार तरी कसं? वादळ आणि वाढता समुद्र हे दोन वेगळे प्रश्न नाहीत ते इथे कळतं. समुद्राची वाढ महिन्याच्या हप्त्यासारखी, निमूट भरत राहिलं तर जमतं, वादळ म्हणजे अचानक आलेला हॉस्पिटलचा खर्च. दोन्ही एकदम आले की घर बसतं.

आणि वादळं आपल्या बाजूला वाढतायत. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मोजलं तेव्हा 1982-2000 च्या तुलनेत 2001-2019 मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं 52 टक्क्यांनी वाढलेली निघाली. आपण लहानपणापासून ऐकत आलो की वादळं ओडिशा-आंध्रला येतात, आपल्याकडे फक्त पाऊस. फयान 2009, निसर्ग 2020, तौक्ते 2021. आता तसं म्हणायची सोय राहिली नाही.

"पण निसर्गच्या वेळी खारफुटीचा काय उपयोग झाला?"

हा प्रश्न श्रीवर्धन-दिवेआगरकडची माणसं विचारतात आणि त्यांना तो विचारायचा पूर्ण हक्क आहे, कारण 3 जून 2020 ला त्यांच्या नारळ-सुपारीच्या वाड्या डोळ्यांदेखत आडव्या झाल्या. तीसतीस वर्षांची सुपारी एका दुपारी गेली.

उत्तर असं की खारफुटी वाऱ्याला अडवत नाही, निदान मागच्या उंच वाड्या वाचतील एवढा तर नाहीच. ती पाण्याला अडवते, आणि पाण्यातही दोन प्रकार करावे लागतात. एक लाटा. दुसरी वादळी भरती, म्हणजे वाऱ्याने ढकलून आणि हवेचा दाब कमी झाल्याने समुद्राची अख्खी पातळीच काही तास वर चढते ती. बादलीतलं पाणी हिंदकळत असेल तर हात घालून थांबवता येतं, पण वर नळ चालू असेल तर हात घालून काय होणार, बादली भरणारच. लाटा म्हणजे हिंदकळणं. 100 मीटर रुंद खारफुटी लाटांची उंची 13 ते 66 टक्क्यांनी कमी करते असं मोजमाप आहे. वादळी भरती म्हणजे नळ, तिथे 1 किलोमीटर रुंद पट्ट्याने पातळी कमी होते 5 ते 50 सेंटीमीटर. म्हणजे बिल्डिंगच्या मागे दहा मीटरची हिरवी किनार ठेवून "आम्ही पूर संरक्षण केलंय" म्हणणं ही शुद्ध थाप आहे.

रुंद पट्टा मात्र जीव वाचवतो. 1999 च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळानंतर सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट यांनी केंद्रपाडा जिल्ह्यातल्या 400 हून जास्त गावांचा हिशोब मांडला, तेव्हा जिथे गाव आणि समुद्राच्या मधली खारफुटी जास्त रुंद तिथे मृत्यू कमी, हे दिसलं. खारफुटी नसतीच तर गावामागे सरासरी पावणेदोनच्या आसपास माणसं आणखी गेली असती असा त्यांचा अंदाज. आणि त्यांनीच प्रामाणिकपणे हेही लिहिलंय की वेळेवर दिलेल्या इशाऱ्याने त्याहून जास्त जीव वाचले. हे दोन्ही एकत्र सांगितलं पाहिजे, नाहीतर खारफुटीप्रेमी लोक तिला कवचकुंडलं करून टाकतात आणि मग एक वादळ आलं की लोकांचा विश्वास उडतो.

चौथी सीट

समजा गाळ पुरेनासा झाला, सारवण हरलं. तरी खारफुटीकडे अजून एक उपाय असतो, मागे सरकणं. झाड चालत नाही पण जंगल चालतं. कांदळाची बी झाडावरच रुजते, लांब हिरव्या शेंगेसारखी लोंबते, मग गळून पाण्यावर तरंगत जिथे योग्य चिखल मिळेल तिथे रुतते. पुढची झाडं बुडून मरतात, मागे थोड्या उंचावर पोरं उगवतात, पन्नास-शंभर वर्षांत अख्खा पट्टा जमिनीकडे सरकतो. शेवटच्या हिमयुगानंतर समुद्र शंभर मीटरपेक्षा जास्त चढला, त्यातून खारफुटी अशीच सरकत सरकत आली.

आता लोकलमधल्या चौथ्या सीटवाल्याचा विचार करा. तो म्हणतो "जरा सरका". तीन जण थोडं थोडं सरकतात, पण खिडकीला बसलेला कुठे सरकणार, पलीकडे पत्रा. खारफुटी म्हणजे तो खिडकीवाला. समुद्र म्हणतोय जरा सरका, आणि मागे रस्ता, बांध, भिंत, भराव घातलेला प्लॉट, टॉवर. त्यामुळे पट्टा पुढून खाल्ला जातो आणि मागे वाढत नाही, बारीक बारीक होत जातो. नकाशात आज तेवढीच हिरवी रेघ दिसेल, तोडलेलं एकही झाड दिसणार नाही, कुणावर केस होणार नाही. आपला सगळा कायदा आज झाड कुठे उभं आहे ते बघतो. मुंबई हायकोर्टाने 2005 मध्ये खारफुटी तोडायला बंदी घातली, भोवती 50 मीटर मोकळे ठेवायला सांगितलं, त्याचा फायदा झाला यात वादच नाही, त्याशिवाय आज काय उरलं असतं देव जाणे. पण उद्या ती कुठे जाणार आहे ती जागा कुणी राखून ठेवलेली नाही.

"आमच्या खाडीत तर उलट वाढतेय!"

हो, बऱ्याच ठिकाणी वाढतेय, खोटं नाही. ठाणे खाडीत गाळ साचून नवीन चिखलपट्टे तयार होतात, त्यावर तिवर लगेच पसरतं. कोळी लोक म्हणतात खाडी भरली, होडी निघत नाही, मासळी गेली. त्यांचं दुखणं खरं आहे. म्हणजे हिरवं वाढलं की सगळं छान असंही नाही.

आणि दुसरी वाढ खारजमिनीवरची. पेण-अलिबाग पट्ट्यात लोकांनी पिढ्यानपिढ्या खाडीला बांध घालून आत भात पिकवला, उघाडी ठेवली, म्हणजे बांधातलं ते दार जे ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतं आणि भरतीला बंद होतं. उधाणाला बांधाला खांड पडते, खारं पाणी शेतात शिरतं, वेळेवर दुरुस्ती झाली नाही की शेती बंद आणि थोड्याच वर्षांत तिवराची रोपं. एकदा ती उभी राहिली की शेतकरी हात लावू शकत नाही. सातबारा त्याच्या नावावर, झाडं सरकारच्या काळजीची! तो चिडणारच.

पण इथे बांगलादेशातला एक अनुभव ऐकण्यासारखा आहे. सुंदरबनाच्या शेजारी 1960 च्या दशकापासून मोठमोठे बांध घालून शेतजमीन केली. बांधाने पाणी अडलं तसा गाळही अडला. पन्नास वर्षांत बाहेरच्या खारफुटीची जमीन भरतीसोबत चढत राहिली आणि आतली शेतं तिच्यापेक्षा 1 ते दीड मीटर खाली राहिली. 2009 मध्ये आयला वादळाने तिथला बांध फुटला तेव्हा ती शेतं अक्षरशः वाडग्यासारखी भरली, लोक दोन वर्षं पाण्यात होते. त्याच दोन वर्षांत मात्र भरतीने आत कित्येक वर्षांचा थकबाकीतला गाळ एकदम आणून टाकला. बांध शेत वाचवतो आणि हळूहळू बुडवतो सुद्धा, दोन्ही एकाच वेळी. उंच बांध बांधा म्हणणाऱ्यांना आणि सगळे बांध फोडा म्हणणाऱ्यांना, दोघांनाही हे अडचणीचं आहे. बरं, पन्नास मीटर जमीन खारफुटीला सोडायची तर त्या शेतकऱ्याला त्याचे पैसे कोण देणार, हे ठरल्याशिवाय बाकी चर्चेला अर्थ नाही असं माझं मत.

"इकडे तोडली तर तिकडे पाचपट लावू की"

बुलेट ट्रेनसाठी सुमारे 22 हजार खारफुटी तोडायची परवानगी डिसेंबर 2022 मध्ये मिळाली तेव्हापासून प्रत्येक प्रोजेक्टला हे वाक्य ऐकू येतं. आता वरचं सगळं वाचल्यावर तुम्हीच सांगा अडचण कुठे आहे. झाडांची संख्या मोजून काय होणार, जागेची उंची बरोबर हवी. वीतभर खाली लावलं तर बुडून मरणार, वीतभर वर लावलं तर वाळणार. आणि जी बरोबर उंचीची, पाणी खेळणारी, गाळ येणारी जागा असते तिथे बहुतेक वेळा खारफुटी आधीच उभी असते, नसेल तर का नाही याला काहीतरी कारण असतं. उघड्या चिखलावर लावायची तर तिथे रोहित पक्षी जेवतात, त्यांचं काय. अनुभवी लोक म्हणून रोपं लावण्याआधी पाणी मोकळं करतात, तुंबलेली नाळ, म्हणजे भरतीचं पाणी आत-बाहेर नेणारी वाट, उघडली की बिया समुद्र स्वतः आणून देतो, फुकट.

गाळाचंही तसंच. वर धरण बांधलं, खाली खाडीतून सक्शन पंपाने वाळू उपसली, मग खारफुटीला सारवायला काही उरतच नाही. चिपळूणच्या 2021 च्या पुरानंतर वाशिष्ठीतला गाळ काढला तो काढायलाच हवा होता, शहर बुडत होतं, त्याला माझा विरोध नाही. पण नदीतला गाळ म्हणजे निव्वळ कचरा, असं धरून चालणारे साहेब लोक बघितले की वाटतं यांना एकदा भरतीच्या वेळी खाडीत उभं करावं.

मग बघायचं काय?

तुमच्या जवळच्या कांदळवनातून रस्ता गेला असेल तर मोठ्या ओहोटीला तिथे जाऊन दोन्ही बाजू बघा. एका बाजूला चिखल उघडा पडलाय, चिंबोऱ्या फिरतायत, निवट्या उड्या मारतायत आणि दुसऱ्या बाजूला काळं पाणी तसंच उभं आहे, पेन्सिली दिसतच नाहीत, तर रस्त्याखालची मोरी तुंबलीये. पाने अजून हिरवी असतील, त्याने फसू नका, झाड मरायला वेळ घेतं. फोटो काढा, तारीख-वेळ टाका आणि वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे तक्रार करा. मोरी साफ करायला जेसीबीचा एखाद दिवस लागतो. वादळाच्या आधी झाली तर बरं, कारण वादळाचं पाणी बाहेर जायला वाट तीच असते.